चार बोटं पाणी

आमच्या कमिटीने बोटाचं माप मतदानाने ठरवलं, आणि निर्णायक मत माझं होतं. हसा, खुशाल हसा. आता मीही हसते. पण त्या शनिवारी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं आणि बाकी सगळं पाणी गच्चीवर होतं.

मी शिवणकाम करते. राहते सातव्या मजल्यावर, म्हणजे थेट गच्चीखाली. घरात नवरा, मी आणि सासूबाई. त्यांच्या खोलीच्या छतातून अकरा वर्षं गळत होतं. कमिटी काय करायची, तर दर दोन वर्षांनी माणूस पाठवून छताला पांढरा रंग फासायची. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. एका सभेत मी इतकी भडकले, इतकं बोलले, की माझं तोंड बंद करण्यासाठी त्यांनी मला कमिटीतच घेतलं. तोंड काही बंद झालं नाही, ते असो.

आम्ही चौघं. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. माणूस बोलत असला तरी त्यांचं लक्ष त्याच्या दाढांकडे. सेक्रेटरी ग्रंथपाल, ते प्रत्येक कागदाला नंबर देतात, चहाच्या पुड्यालाही दिला होता. तिसरे तळमजल्यावरचे उंच गृहस्थ. त्यांना काहीही विचारा, ते म्हणतात, "बघू." म्हणून त्यांचं नावच बघू पडलं. आणि चौथी मी.

डॉक्टरांच्या गॅलरीत गिलाव्याचा मोठा तुकडा कोसळला आणि कुंड्या फुटल्या, तेव्हा कमिटीला जाग आली. डॉक्टरांनी एका इंजिनिअर बाईंना बोलावलं. इमारतींच्या कमिट्यांना शिकवणं हाच त्यांचा धंदा. कमरेला छोटी हातोडी लटकवून आल्या, म्हणून हातोडीबाई. पार्किंगमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी सहा ते सात वर्ग, उशीर झाला तर उभं राहायचं. बघू पहिल्याच दिवशी पूर्ण तासभर उभे होते.

मला वाटलं होतं, पालथ्या घड्यावर पाणी. पण काय सांगू, त्या वर्गाने आम्हाला वेड लावलं. पहिल्या मंगळवारी बाईंनी भिंत वाजवायला शिकवली. हातोडीने हलकेच टकटक करायची. टणक आवाज आला तर गिलावा धरून आहे, बद्द आवाज आला तर आत पोकळ. दुसऱ्या दिवसापासून सगळी इमारत टकटक. डॉक्टर दवाखान्यातलं दात वाजवायचं हत्यार घेऊन जिन्यात हिंडायला लागले आणि प्रत्येक पोकळ जागेला "इथे किडलंय" म्हणायला लागले. सेक्रेटरींनी एकशे बेचाळीस पोकळ जागांना नंबर दिले. मी माझ्या नवऱ्याचं डोकं वाजवून बघितलं. तो म्हणाला, "काय आवाज आला?" मी म्हटलं, "दुरुस्ती होण्यासारखी आहे."

तिसऱ्या मंगळवारी बाई म्हणाल्या, "ओलीचा डाग दिसला की रंग लावायचा नाही. पेन्सिलीने त्याच्या कडेने रेघ काढा, रेघेवर तारीख लिहा. पुढच्या वेळी डाग रेघेबाहेर गेला का बघा. आणि त्या रेघेला पुन्हा हात लावायचा नाही."

मला खुदकन हसू आलं. बाईंनी कारण विचारलं. मी त्यांना सरळ वर सासूबाईंच्या खोलीत घेऊन गेले.

सासूबाई तीस वर्षं हवामान खात्यात नोंदी करायच्या. किती पाऊस, किती वारा, रोज ठरल्या वेळी. निवृत्त झाल्यावर त्यांना मोजायला काही उरलं नाही, मग त्यांनी छत धरलं. पडद्याच्या दांडीला पेन्सिल बांधायची, पलंगावर उभं राहायचं आणि डागाभोवती रेघ ओढायची. दांडी लांब, हात म्हातारा, त्यामुळे रेघ नागमोडी. अकरा वर्षांच्या रेघा एकीबाहेर एक, प्रत्येकीवर तारीख. रंगवाल्यांना त्या दारातून आत घेत, पण छताच्या त्या कोपऱ्याखालून हलत नसत, त्यामुळे तेवढा कोपरा सोडूनच रंग लागायचा. मी त्याला म्हाताऱ्या माणसाचा चाळा म्हणायचे. तोंडावर म्हणायचे. आम्हा दोघींचं एकमेकींशिवाय पान हलत नाही आणि एकमेकींचं आम्ही ऐकूनही घेत नाही, अशी एकोणीस वर्षं गेली.

हातोडीबाई छताकडे बघतच राहिल्या. मग वहाणा काढून पलंगावर चढल्या. "आजी," त्या म्हणाल्या, "अशी नोंद मी कुठल्याच इमारतीत बघितली नाही. पाणी कुठून शिरतंय ते यात लिहून ठेवलंय."

"मी काही लिहिलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "जे झालं ते नोंदलं. नोंद खोडली तर ती खोटी साक्ष झाली."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

त्या रेघांवरून गच्चीचा नेमका कोपरा सापडला. गच्ची उकरली, नवा थर बसला. तोवर सासूबाईंचा खोकला मात्र वाढला होता. माझी नणंद, नवऱ्याची मोठी बहीण, हिचं घर दोन तासांवर, तळमजल्यावर, कोरडं ठणठणीत. ती फोनवर म्हणाली, "वहिनी, आता पुरे. मी शनिवारी येते. छत कोरडं दिसलं तर ठीक. नाहीतर आईला घेऊन जाते, कायमची." आणि वर म्हणाली, "तुलाही सुटका."

सुटका म्हणे. मी फोन ठेवला आणि एका ग्राहकाच्या कुडत्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. मला सासूबाई जायला नको होत्या. रोज सकाळी माझ्या शिवणात खोट काढणारं माणूस गेलं, तर मी शिवायचं कुणासाठी? पण हे मी कुणाला बोलले नाही. बोलायची आमच्या घरात पद्धत नाही, आमच्यात भांडायची पद्धत आहे.

आता मुद्द्याचं. गच्चीची परीक्षा कशी घ्यायची, ते हातोडीबाईंनी सांगून ठेवलं होतं. पाणी जायची भोकं वाळूच्या पिशव्यांनी बंद करायची, गच्चीवर चार बोटं पाणी भरायचं, दोन दिवस ठेवायचं. खालच्या छतावर ओल आली नाही तर पास. एवढं सांगून त्या दुसऱ्या गावी शिकवायला गेल्या आणि शनिवारी दुपारी येते म्हणाल्या.

बुधवारी कमिटीची बैठक बसली. सेक्रेटरींनी वही उघडून विचारलं, "चार बोटं म्हणजे बोटाची जाडी की लांबी? बाईंनी स्पष्ट केलेलं नाही."

डॉक्टर म्हणाले, "जाडी. बोटं आडवी धरायची."

सेक्रेटरी म्हणाले, "मग 'चार बोटं जाड' असं म्हटलं असतं. नुसतं बोट म्हटलं की अख्खं बोट. एकावर एक, चार."

यावर पाऊण तास वाद झाला. बघूंना विचारलं, ते म्हणाले, "बघू." शेवटी मतदान. जाडीला एक, लांबीला एक, बघू तटस्थ. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आता मी शिंपीण. दिवसाला दहा वेळा म्हणते, कमरेत दोन बोटं सैल ठेवते. माझ्या दुकानात बोट म्हणजे बोटाची जाडी, दुसरं काही असूच शकत नाही. मला माहीत होतं. पण मनात आलं, जितकं जास्त पाणी तितकी कडक परीक्षा, आणि इतक्या पाण्यात छत कोरडं राहिलं तर नणंदेला बोलायला जागाच उरणार नाही. मी हात वर केला. "लांबी," म्हटलं.

मग कुणाचं बोट, यावर पुन्हा वाद. तटस्थ माणसाचं घ्यावं असं ठरलं. बघूंचं बोट म्हणजे काकडी. एकाखाली एक चार वेळा आखलं आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर खडूने खूण केली. ती माझ्या गुडघ्याच्या जरा खाली आली. सेक्रेटरींनी ठरावाला नंबर दिला.

पिशव्या मी शिवल्या, दुहेरी शिवण घालून. गुरुवारी सकाळी पाणी सोडलं. सासूबाईंनी छतावरच्या जुन्या, सुकलेल्या डागाभोवती ताजी रेघ ओढली, १३ तारीख घातली आणि उशाशी वही घेऊन बसल्या. गुरुवार संध्याकाळ, कोरडं. शुक्रवार सकाळ, कोरडं. शुक्रवार संध्याकाळ, कोरडं. पाणी हळूहळू चढत होतं, खुणेला पोचायला त्याला शनिवारची पहाट झाली.

आणि तिकडे इमारत चेकाळली. शनिवारी सकाळी गच्चीवर जत्रा. सगळ्यांनी पायजमे, पँटी, साड्या, जे असेल ते वर खोचलं आणि पाण्यात उतरले. दोन वर्षं एकमेकांशी न बोलणारे चौथ्या मजल्याचे शेजारी एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होते. कुणीतरी प्लास्टिकची बदकं सोडली. सेक्रेटरींनी जुन्या नोटिसांच्या होड्या केल्या आणि, खोटं नाही सांगत, होड्यांना नंबर दिले. डॉक्टर म्हणाले, "मी चाळीस वर्षं लोकांना तोंड उघडा म्हणतोय, असं आपणहून उघडलेलं कधी पाहिलं नाही." खरंच सगळ्यांची बत्तिशी बाहेर होती. मीही नाचले. गुडघ्याएवढ्या पाण्यात, शिंपिणीने, साडी खोचून.

नाचून खाली आले तेव्हा अकरा वाजले होते. सासूबाई अंघोळीला गेल्या होत्या; शनिवारची नोंद त्या दुपारी बाईंसमोरच करणार होत्या. मी सहज वर बघितलं.

डाग ओला झाला होता. नुसता ओला नाही, रेघ ओलांडून चांगला चार बोटं पुढे गेला होता. आडवी चार बोटं.

मी खालीच बसले. नणंद तीन वाजता येणार होती. अंघोळीच्या खोलीतून तांब्याचा आवाज येत होता, पाठोपाठ खोकला, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट, की ही बाई संध्याकाळी या घरात नसणार.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. मला उंचीची भीती वाटते. सातव्या मजल्यावर राहते, पण गॅलरीच्या कठड्याशी जात नाही. खुर्चीवर चढून दिवा बदलायला मला आजवर जमलेलं नाही, तो सासूबाई बदलतात, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी. पण त्या दिवशी मी पलंगावर शिवणाचं स्टूल ठेवलं, त्यावर चढले, खोडरबराने गुरुवारची रेघ पुसली आणि डागाच्या बाहेरून नवी रेघ काढली. शेजारी १३ लिहिलं. पाय इतके लटपटत होते की स्टूल आपलं आपण चालायला लागलं. खाली उतरले तेव्हा रेघ सुरेख आली होती. डाग रेघेच्या आत, जणू वाढलाच नाही.

तीन वाजता नणंद आली, दोन रिकाम्या बॅगा घेऊन. तिच्या मागोमाग हातोडीबाई. डॉक्टर, सेक्रेटरी आणि बघू निकाल ऐकायला हजर. खोलीत उभं राहायला जागा नव्हती.

बाईंनी काठीला लावलेलं ओल मोजायचं यंत्र छताला टेकवलं. ते कर्कश वाजलं. बाईंच्या कपाळावर आठ्या आल्या.

"डाग रेघेबाहेर गेलेला नाही," त्या म्हणाल्या, "पण ओल ताजी आहे. म्हणजे वरून नवं पाणी आलेलं नाही, जुनं पाणीच थराखाली अडकून पडलंय. असं असेल तर सगळी गच्ची पुन्हा उकरावी लागेल. सहा महिने तरी. आणि तोवर आजींनी या खोलीत झोपायचं नाही."

नणंदेने बॅगेची चेन उघडली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

म्हणजे बघा माझी अक्कल. सासूबाईंना ठेवून घ्यायला मी रेघ हलवली, आणि त्याच रेघेने त्यांना घराबाहेर काढलं.

बाईंनी पुन्हा एकदा छताकडे बघितलं. "आजी, ही रेघ तुमचीच ना?"

सासूबाईंनी चष्मा लावला. बराच वेळ वर बघत राहिल्या. नागमोडी रेघांच्या त्या गर्दीत एकच रेघ वळणदार, शिंप्याच्या खडूने आखावी तशी. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पलंगाकडे, चादरीवर स्टुलाच्या चार पायांचे ठसे होते.

"घरातलीच आहे," त्या म्हणाल्या.

जन्मभर एक नोंद न खोडलेली बाई, आणि माझ्यासाठी एवढं बोलली. आता मला गप्प बसवेना.

"रेघ माझी आहे," मी म्हटलं. "अकरा वाजता काढली. गुरुवारची पुसून. डाग आज सकाळी वाढला, चार बोटं वाढला. काल संध्याकाळपर्यंत कोरडं होतं, आईंच्या वहीत आहे. ताई, तुम्ही आईंना न्यायला येणार होतात म्हणून मी हे केलं. मला त्या इथे हव्या आहेत."

नणंदेचा हात चेनवर तसाच राहिला.

हातोडीबाईंनी वही घेतली, नोंदी वाचल्या. "काल संध्याकाळपर्यंत कोरडं? दोन दिवस कोरडं, आणि आज एकदम? तुम्ही पाणी किती भरलंय?"

"चार बोटं," डॉक्टर, सेक्रेटरी आणि मी एका सुरात म्हणालो.

"दाखवा."

सेक्रेटरींनी बघूंचा हात धरून वर केला, मधलं बोट ताठ केलं आणि म्हणाले, "हे. चार वेळा. ठराव क्रमांक सत्तावीस."

बाईंचा चेहरा आधी पांढरा पडला. "अहो, केवढं वजन झालं छतावर," एवढं म्हणत त्या जिन्याकडे धावल्या. आम्ही मागे. गच्चीवर पोचून त्यांनी खूण बघितली, बदकं बघितली, नंबर टाकलेल्या होड्या बघितल्या. "पिशव्या काढा," त्या ओरडल्या.

पिशव्या निघेनात. माझी दुहेरी शिवण आणि वर तेवढ्या पाण्याचा दाब. डॉक्टर म्हणाले, "मी दाढा उपटतो, मला करू द्या." त्यांनी दोन्ही हातांनी पकडली, बघूंनी डॉक्टरांना पकडलं, सेक्रेटरींनी बघूंना आणि मी सेक्रेटरींना. पिशवी फटकन निघाली आणि अख्खी कमिटी पाण्यात उताणी पडली. पाण्याला वाट मिळाली. सात मजल्यांच्या पाइपांतून असा घोंघाट सुटला की लोक घराघरांतून बाहेर आले.

आणि मग हातोडीबाई टाकीच्या भिंतीशी वाकल्या. खडूच्या खुणेच्या जरा खाली, भिंतीवर चढवलेला नवा थर जिथे संपतो त्याच्या दोन बोटं वर, आडवी, एक जुनं भोक होतं. कधीकाळच्या केबलचं. "इथून गेलं," त्या म्हणाल्या. "थर ठणठणीत आहे. आज पहाटे पाणी या भोकापर्यंत चढलं आणि आत उतरलं. एरवी इतकं पाणी या गच्चीवर शंभर वर्षांत साचलं नसतं." मग त्यांनी चार बोटं जोडून आडवी धरली आणि आम्हाला दाखवली, लहान मुलांना दाखवतात तशी. तेवढ्यात त्यांना हसू फुटलं. इतकं, की त्याही पाण्यात बसल्या.

"किडलेलं मुळाशी नव्हतं," डॉक्टर नाकातलं पाणी काढत म्हणाले. "वरची फट होती."

बघू भोकाकडे एकटक बघत उभे होते. "दिसलं," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेला हा दुसरा शब्द.

भोक त्याच दिवशी बुजवलं. रविवारी पाणी पुन्हा भरलं, चार बोटं, आडवी, आणि बोटं माझी. मंगळवारपर्यंत नणंद आमच्याकडे राहिली. आम्ही तिघी त्या खोलीत आडव्या पडून छताकडे बघत होतो. डाग कडेने सुकत आत गेला. मंगळवारी सहाच्या वर्गात बाईंनी पास म्हणून सांगितलं.

निघताना नणंदेने रिकाम्या बॅगा उचलल्या. दारात थांबली. "वहिनी, मला वाटायचं तुला आईचा जाच होतो."

"होतोच की," मी म्हटलं. "म्हणून काय घेऊन जाणार?"

ती हसली आणि तिने माझ्या दंडाला जोरात चिमटा काढला.

ती गेल्यावर सासूबाईंनी मला खोलीत बोलावलं. हातात पेन्सिल होती, दांडीला न बांधलेली.

"आमच्या खात्यात चुकीची नोंद खोडत नाहीत," त्या म्हणाल्या. "तिच्यावर एक आडवी रेघ मारायची. शेजारी खरी नोंद लिहायची. कारण लिहायचं. आणि ज्याने चूक केली त्याने सही करायची."

"दांडीला बांधून द्या ना," मी म्हटलं. "मी खालून करते."

"शनिवारी दांडी घेतली होतीस?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी स्वतः स्टूल उचलून पलंगावर ठेवलं.

मी चढले. स्टूल परत डगमगायला लागलं. माझ्या रेघेवर आडवी रेघ मारली, जुनी रेघ जिथे होती तिथे तुटक रेघ काढली, तारीख लिहिली, सही केली. "आई," वरूनच विचारलं, "कारण काय लिहू?"

मी भीतभीत मान वळवून बघितलं. त्या पलंगावर गुडघे टेकून बसल्या होत्या, आणि दोन्ही हातांनी स्टुलाचे पाय घट्ट धरले होते.

"जागा सोडून ठेव," त्या म्हणाल्या. "मला वाचता आलं ते. उतर आता सावकाश, मी धरलंय."